नाताळचे बिस्किट ट्रफल्स: ओव्हन नको, पण वजनकाटा हवाच

नाताळच्या फराळाच्या ताटात करंजी, चकली, शंकरपाळी आणि केक ठरलेले. त्यात आता चॉकलेटमध्ये बुडवलेले बिस्किट ट्रफल्सही दिसू लागलेत, कारण त्यांना ओव्हन लागत नाही, अंडं लागत नाही आणि मुलांना कामाला लावता येतं. बिस्किटांचा चुरा, तो बांधून ठेवणारं काहीतरी स्निग्ध आणि वर चॉकलेटचं कवच, एवढाच सगळा प्रकार. तरीही कुणाचे गोळे बुडवायच्या काट्यावरून सुटून चॉकलेटात विरघळतात, कुणाचं कवच तडकतं, तर कुणाच्या डब्यात दुसऱ्या दिवशी पाण्याचे थेंब जमलेले असतात. या सगळ्याच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात: ओलावा आणि तापमान. साहित्य महागाचं की स्वस्तातलं, याचा संबंध त्यामानाने कमी.

खालचं प्रमाण २४-२५ ट्रफल्सचं आहे. प्रत्येक गोळा १८ ग्रॅमचा, म्हणजे कवच चढल्यावर दोन घासांत संपणारा. यापेक्षा मोठा केला की बुडवायच्या काट्यावर पेलत नाही आणि खाणाऱ्यालाही जड होतो.

काय काय लागेल

सारणाला ३०० ग्रॅम चॉकलेट क्रीम बिस्किटं (ओरिओ किंवा तशीच दुसरी कुठलीही, आतल्या क्रीमसकट), १५० ग्रॅम साधं क्रीम चीज आणि चिमूटभर मीठ. कवचाला २५० ग्रॅम डार्क चॉकलेट किंवा डार्क कंपाउंड (कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलेलं चॉकलेट). वरच्या रेघांसाठी ५० ग्रॅम पांढरं कंपाउंड. गोळ्यांवर प्रत्यक्षात २०० ग्रॅमच्या आतबाहेरच चॉकलेट चढतं, पण शेवटचे चार गोळे नीट बुडायचे तर भांड्यात खोली उरायला हवी, म्हणून २५० घ्यायचं. उरलेल्यात बदाम-काजू घोळवून टाका, वाया काही जात नाही.

मोजमाप वजनकाट्यावरच करा. सैल भरलेली वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांतल्या चुऱ्यात बराच फरक पडतो आणि तेवढ्या फरकाने सारण कोरडं किंवा चिकट होतं.

क्रीम चीज घेताना दोन गोष्टी बघा. डब्यातलं, ब्रेडला सहज लागणारं मऊ क्रीम चीज असेल तर त्यात पाणी जास्त असतं. ते आधी १३० ग्रॅमच घ्या आणि लागलं तर वाढवा. दुसरं, दुकानात शेजारीच ठेवलेलं चीज स्प्रेड म्हणजे क्रीम चीज नव्हे. ते खारट असतं आणि ट्रफलची चव पार बिघडवतं.

क्रीम चीज मिळालं नाही किंवा परवडलं नाही, तर कोल्हापुरात चक्क्यासारखा दुसरा पर्याय नाही. म्हशीच्या दुधाच्या दह्यात स्निग्धांश भरपूर, त्यामुळे चक्का मऊसूत निघतो. अर्धा किलो घट्ट, गोड दही दुहेरी मलमलीत बांधून चाळणीवर ठेवा, वर वजन ठेवा आणि फ्रिजमध्ये १० ते १२ तास निथळू द्या. बाहेर टांगलेलं दही रात्रीत आंबट होतं, म्हणून फ्रिजमध्येच. साधारण २०० ग्रॅम चक्का मिळेल. ३०० ग्रॅम बिस्किटांना तो १२० ग्रॅमच पुरतो, कारण कितीही निथळला तरी त्यात क्रीम चीजपेक्षा पाणी जास्तच राहतं. तयार श्रीखंड मात्र वापरू नका. साखरेने ते सैल झालेलं असतं आणि क्रीमची बिस्किटं आधीच गोड असतात.

तिसरा मार्ग कंडेन्स्ड मिल्कचा. साध्या बिस्किटांना तो चांगला लागू पडतो: २५० ग्रॅम मारी किंवा ग्लुकोज बिस्किटं, २० ग्रॅम कोको पावडर, ३० ग्रॅम वितळवलेलं लोणी आणि १६० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क. हे ट्रफल जास्त गोड आणि चिवट होतात, पण टिकतात सगळ्यांत जास्त. डबे बाहेरगावी पाठवायचे असतील तर हेच करा.

शाकाहारी शेजाऱ्यांकडे डबा जाणार असेल तर बिस्किटं आणि चॉकलेटबरोबर सजावटीच्या रंगीत दाण्यांवरही हिरवी खूण बघून घ्या. काही लाल रंग किड्यांपासून काढलेले असतात, आणि मार्शमेलोत बहुधा जिलेटिन असतं.

चुरा आणि सारण

क्रीम चीज तासभर आधी बाहेर काढा. थंडगार चीज चुऱ्यात मिसळलं की पांढऱ्या गुठळ्या राहतात आणि कितीही मळलं तरी त्या मोडत नाहीत.

बिस्किटं मिक्सरच्या कोरड्या भांड्यात थोडी थोडी घाला. एकदम लांब फिरवू नका. दोन-तीन सेकंद फिरवायचं, थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचं. सतत फिरवलं तर भांडं तापतं, आतलं क्रीम वितळतं आणि चुऱ्याऐवजी पात्यांभोवती काळा लगदा चिकटतो. चुरा बारीक रव्याइतका हवा. मोठे तुकडे राहिले की गोळ्याच्या पृष्ठभागातून कोपरे वर येतात आणि तिथेच कवच पातळ पडतं. शंका असेल तर चाळून घ्या. दोन चमचे चुरा सजावटीसाठी बाजूला काढून ठेवा.

आता परातीत चुरा, मीठ आणि चीज एकत्र करा. आधी चमच्याने, मग हाताने. पहिल्या दोन मिनिटांत ते चिकट वाटेल आणि अजून बिस्किट घालावंसं वाटेल. तेव्हा हात आवरा. बिस्किट ओलावा सावकाश ओढून घेतं. झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा आणि मगच ठरवा. मूठ आवळून बघा: गोळा एकसंध राहिला, कडेला भेगा पडल्या नाहीत आणि तळव्यावर तेलाची चकाकी आली नाही, तर सारण बरोबर. भेगा पडल्या तर एकेक चमचा चीज घाला. चिकटलं तर एक मोठा चमचा चुरा घालून पुन्हा दहा मिनिटं थांबा. दूध घालून सैल करायचा मोह मात्र टाळा. दुधातलं पाणी पुढे कवचाखाली येतं आणि ट्रफलचा टिकाऊपणाही घटतो.

चवीत जरा भारदस्तपणा हवा असेल तर याच सारणात ५० ग्रॅम चांगलं डार्क चॉकलेट वितळवून, कोमट करून घाला. गोळे जास्त घट्ट होतात आणि दोन-तीन वाढतातही. संत्र्याची चव आवडत असेल तर फक्त सालीचा नारिंगी भाग किसून घाला, रस नको. रम घालायची असेल तर एका मोठ्या चमच्यापुरतीच, आणि मग चीज तेवढंच कमी करा. असा डबा वेगळा ठेवून त्यावर ठळक लिहा.

नाताळची खरी चव म्हणजे मसाल्याची, आणि तिचं सारण इथल्या साहित्यात उत्तम जमतं. २५० ग्रॅम डायजेस्टिव्ह किंवा ग्लुकोज बिस्किटं, दीड लहान चमचा सुंठ, एक लहान चमचा दालचिनी पूड, पाव चमचा लवंग पूड, १४० ग्रॅम क्रीम चीज, ३० ग्रॅम मऊ लोणी आणि ३० ग्रॅम कोल्हापुरी गूळ. गुळाचं मात्र भान ठेवा. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळांचा हंगाम, बाजारात नवा गूळ येतो आणि तो मऊ, ओलसर असतो. तो किसून ताटात रात्रभर पसरून ठेवा, किंवा घरातला जुना कडक गूळ वापरा. गूळ फक्त आत. वरून गुळाची पूड भुरभुरली तर ती हवेतला दमटपणा ओढते आणि सकाळी ट्रफलवर पाकाचे डाग दिसतात.

गोळे वळताना

सारणाचे १८-१८ ग्रॅमचे भाग करा. पहिले चार-पाच मोजले की पुढचे अंदाजाने जमतात, तरी मधूनमधून एखादा वजनकाट्यावर टाकून बघा. लाडू वळायची सवय असलेल्या हाताला हे काम नवं नाही, फक्त एक सवय सोडावी लागते: तळव्याला तूप किंवा दुधाचा हात लावायचा नाही. तुपकट पृष्ठभागावरून चॉकलेट घसरतं आणि दुधाचा ओलावा त्याला गोळा करून टाकतो. सारण चिकटत असेल तर हात गार पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करा, किंवा सारण पुन्हा दहा मिनिटं थंड करा.

आधी मुठीत घट्ट दाबा, मग गोल फिरवा. नुसतं फिरवलं तर आत पोकळी राहते आणि काटा लावताच गोळा दुभंगतो.

बटर पेपर लावलेल्या ताटात गोळे सुटे ठेवून फ्रिजमध्ये किमान दोन तास ठेवा. घाई असेल तर फ्रीझरमध्ये २० मिनिटं. त्यापेक्षा जास्त नको, का ते पुढे येतंच. याच टप्प्यावर गोळे हवाबंद डब्यात फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात (चक्क्याचे सोडून). म्हणजे नाताळची गाणी गात कॅरलवाले घरोघरी फिरायला लागायच्या आधीच निम्मं काम उरकून ठेवता येतं. बुडवायच्या आदल्या रात्री डबा फ्रिजमध्ये उतरवायचा.

कंपाउंड की खरं चॉकलेट

पाकिटावरचे घटक वाचा. कोको बटर असेल तर खरं चॉकलेट. त्याऐवजी पाम किंवा पाम कर्नेलसारखं वनस्पती तेल असेल तर कंपाउंड. कंपाउंड नुसतं वितळवलं की थंड झाल्यावर आपोआप घट्ट होतं. खऱ्या चॉकलेटचं तसं नाही. कोको बटर ठरावीक तापमानातून फिरवलं नाही, म्हणजे टेम्परिंग केलं नाही, तर कवच मऊ राहतं, हाताला लागतं आणि दोन दिवसांत त्यावर राखाडी पट्टे येतात.

कोल्हापुरात डिसेंबरची पहाट गारठ्याची असली तरी दुपारी पारा २८-३० अंशांपर्यंत चढतो. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, पण मऊ व्हायला त्याच्या बऱ्याच आधी सुरुवात होते. डबे चार घरी फिरणार असतील, दुपारभर टेबलावर राहणार असतील, तर कवचाला सरळ कंपाउंड वापरा आणि खरं चॉकलेट सारणात घाला. कंपाउंड जिभेवर थोडं मेणचट लागतं हे खरं, पण कवच पातळ ठेवलं आणि आत चव असली तर ते जाणवत नाही. फक्त ही दोन्ही एका भांड्यात मिसळू नका. त्यांतल्या चरब्या एकमेकींशी जुळत नाहीत. कवच धड कडक होत नाही आणि लवकर पांढुरकं पडतं.

कंपाउंड वितळवताना ते बारीक चिरून कोरड्या स्टीलच्या वाडग्यात घ्या. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा आणि वाडगा वर ठेवा. तळ पाण्याला टेकता कामा नये. निम्मं वितळलं की ढवळा, उरलेलं त्या उष्णतेवरच वितळतं. लाकडी चमच्यात ओल मुरलेली असते, म्हणून सिलिकॉनचा किंवा स्टीलचा घ्या. वाडगा उतरवल्यावर आधी त्याचा तळ पुसा, नाहीतर तिथलाच थेंब ओघळून चॉकलेटात पडतो. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर ३० सेकंद, ढवळणं, पुन्हा ३० सेकंद. पांढरं कंपाउंड लवकर करपतं. त्याला १५-१५ सेकंदच द्या.

पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट दाणेदार, घट्ट चिखलासारखं होतं. साखर आणि कोकोचे कोरडे कण त्या थेंबाला चिकटून गुठळ्या करतात. तेल घालून ते कवचाजोगं होत नाही. त्यात गरम दूध घालून सॉस करा आणि कवचाला नवीन चॉकलेट घ्या. हेच कारण पाण्यातल्या रंगांचंही. पांढऱ्या कंपाउंडला लाल-हिरवं करायचं तर तेलात विरघळणारा किंवा चॉकलेटसाठीचा रंगच हवा, केकच्या क्रीमचा जेल रंग चालत नाही.

खरं चॉकलेटच वापरायचं असेल तर काम सकाळी दहाच्या आत उरका, तेव्हा स्वयंपाकघर पुरेसं गार असतं. २५० ग्रॅममधलं दोनतृतीयांश ४५-४८ अंशांपर्यंत वितळवा, उतरवा आणि उरलेलं चिरलेलं चॉकलेट त्यात थोडं थोडं घालून ढवळत राहा, ३१-३२ अंशांवर येईपर्यंत. थर्मामीटर नसेल तर खालच्या ओठाला टिपका लावा: किंचित गार लागलं पाहिजे. सुरीचं टोक बुडवून ठेवा. पाच मिनिटांत त्यावरचं चॉकलेट चकचकीत आणि कोरडं झालं तर बरोबर. ही आकडेवारी डार्कची. मिल्क आणि पांढऱ्या चॉकलेटला दोन-तीन अंश कमी.

बुडवणं

पसरट भांड्यापेक्षा खोल, अरुंद वाडगा घ्या. कंपाउंड ३८-४० अंशांवर, म्हणजे मनगटाला जेमतेम कोमट लागेल इतपत असावं. त्याहून गरम असेल तर गोळ्याचा पृष्ठभाग विरघळतो आणि चॉकलेटात चुरा उतरतो.

फ्रिजमधून एका वेळी सहा-सातच गोळे काढा आणि पाच मिनिटं बाहेर ठेवा. फ्रीझरमधले असतील तर पंधरा. हाताला टणक लागावेत, बर्फासारखे नव्हेत. गोठलेल्या गोळ्यावर कवच क्षणात आवळून बसतं, मग आतला गोळा खोलीच्या तापमानाला येताना फुगतो आणि कवचाला तडा जातो. बहुतेक तडकलेल्या ट्रफल्सचं कारण हेच असतं. गोळ्यावर दव दिसलं तर कागदी रुमालाने टिपून घ्या.

गोळा चॉकलेटात सोडा, चमच्याने वरून चॉकलेट ओता, काट्याने खालून उचला. टोचू नका. टूथपिकने टोचलं की भोक राहतं आणि त्यातून सारण बाहेर डोकावतं. काटा वाडग्याच्या कडेवर चार-पाच वेळा हलकेच आपटा, मग काट्याचा तळ कडेला घासून जास्तीचं चॉकलेट काढा आणि ट्रफल बटर पेपरवर अलगद सरकवा. हे निथळणं टाळलं की ट्रफलभोवती चॉकलेटचं थारोळं जमतं. जमलंच तर घट्ट झाल्यावर धारदार सुरीने कापा. प्लास्टिकच्या काट्याचे मधले दोन दात मोडून टाकले तर बाजारातल्या डिपिंग फोर्कइतकंच चांगलं काम होतं.

दहाएक गोळे झाले की थंड गोळ्यांमुळे आणि पडलेल्या चुऱ्यामुळे चॉकलेट जाड होतं. वाडगा पुन्हा गरम पाण्यावर मिनिटभर ठेवा. तरीही जाड वाटलं तर कंपाउंडमध्ये एक लहान चमचा वास नसलेलं तेल घाला, त्यापेक्षा जास्त नको, नाहीतर कवच बोटांना लागू लागेल. काळ्या सारणावर पांढरं कवच चढवायचं असेल तर एका हातात झाकलं जात नाही. पहिला पातळ हात घट्ट झाल्यावर दुसरा द्या.

सजावट

थंड गोळ्यावर कंपाउंड मिनिट-दोन मिनिटांत घट्ट होतं. त्यामुळे भुरभुरायचं ते दर दोन गोळ्यांनंतर लगेच: बाजूला ठेवलेला चुरा, पिस्त्याचे काप, रंगीत दाणे किंवा बर्फासारखं दिसणारं डेसिकेटेड खोबरं. ओलं खोबरं दिवसात आंबतं, ते नको. पांढऱ्या रेघा मात्र कवच पूर्ण घट्ट झाल्यावर. कोमट कंपाउंड छोट्या पिशवीत भरा, टोक सुईच्या नाकाएवढं कापा आणि ट्रफलच्या एका बाजूच्या बाहेरून दुसऱ्या बाजूच्या बाहेरपर्यंत हात न थांबवता न्या. ट्रफलवरच थांबलात तर ठिपका पडतो.

मुलांना रेनडिअर हवाच असतो. लाल जेम्सची गोळी नाकाला आणि उभ्या चिरलेल्या बदामाचे दोन काप शिंगांना. घरात चकल्या तयार असतात म्हणून त्यांचे तुकडे शिंगांसाठी खोचावेसे वाटतील. दिसतात झकास, पण ओवा-तिखटाची चव चॉकलेटला मारून टाकते.

ठेवणं आणि पाठवणं

क्रीम चीजचे ट्रफल फ्रिजमध्ये पाच-सहा दिवस राहतात, चक्क्याचे तीन, कंडेन्स्ड मिल्कचे दहाएक दिवस. त्यामुळे २२ तारखेला सारण आणि गोळे, २३ ला सकाळी कवच आणि सजावट, असं वाटून घ्या. २४ ला संध्याकाळनंतर चर्चला जायची गडबड असते, त्या दिवशी चॉकलेट वितळवायला घेऊ नका. चक्क्याचे करणार असाल तर दही २१ च्या रात्री बांधा.

फ्रिजमध्ये डबा हवाबंद हवा, शेजारी कांदा-लसणाची चटणी नको. चॉकलेट वास पटकन ओढतं. बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडू नका. बंद डबा अर्धा तास तसाच राहू द्या, म्हणजे हवेतली वाफ डब्यावर जमते, ट्रफलवर नाही. घाईने उघडलेल्या डब्यात कवचावर थेंब येतात, त्यात वरची साखर विरघळते आणि वाळल्यावर खरखरीत पांढरे डाग उरतात. ते डाग बुरशीचे नसतात, खायला हरकत नाही, फक्त देखणेपण जातं.

भेटीच्या खोक्यात प्रत्येक ट्रफल छोट्या कागदी वाटीत ठेवा आणि एकच थर लावा. दोन थर लागलेच तर मध्ये पुठ्ठा घाला. पुण्याला एसटीने पाठवायचा असेल तर कंडेन्स्ड मिल्कचे सारण आणि कंपाउंडचे कवच घ्या, खोकं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळच्या गाडीला द्या, आणि वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून खिडकीच्या उन्हापासून लांब, सीटखाली ठेवायला सांगा. क्रीम चीज किंवा चक्क्याचे ट्रफल एवढ्या प्रवासाला बर्फाच्या पाकिटाशिवाय पाठवू नका.